लॅपटॉपमधली संकलनशाळा : घरासाठी आणि धंद्यासाठी व्हिडिओ सॉफ्टवेअर निवडताना

अमेरिकेतल्या फ्लोरिडात 'दा विंची सिस्टिम्स' नावाची एक कंपनी होती. १९८४ पासून ती सिनेमाच्या आणि दूरचित्रवाणीच्या चित्रांचे रंग सुधारणारी यंत्रणा बनवायची. या यंत्रणेची किंमत लाखो डॉलरांत होती. ती एका स्वतंत्र थंड खोलीत बसवलेली असे आणि तिच्यासमोर बसणारा माणूस वर्षानुवर्षं शिकून तयार झालेला असे. २००९ मध्ये मेलबर्नच्या ब्लॅकमॅजिक डिझाइनने ही कंपनी विकत घेतली. २०१० मध्ये तेच सॉफ्टवेअर ९९५ डॉलरला मिळू लागलं आणि २०११ मध्ये त्याची एक आवृत्ती चक्क मोफत झाली. पुढे त्यात रंगकामाच्या जोडीला संकलन, आवाज आणि इफेक्ट्स असे सगळे विभाग आले. आज पुणे जिल्ह्यातल्या शिरूरच्या बाजारपेठेतला एखादा फोटो स्टुडिओवाला किंवा दौंडच्या रेल्वे वसाहतीत राहणारी कॉलेजातली मुलगी ते 'दा विंची रिझॉल्व्ह' एक पैसाही न देता आपल्या संगणकावर उतरवू शकते. चित्रपटांच्या इतिहासात इतकं महाग साधन इतक्या थोड्या वर्षांत इतक्या लोकांच्या हाती आल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

पण इथेच नवीन माणूस गोंधळतो. रिझॉल्व्ह, प्रीमिअर प्रो, एडियस, फायनल कट, फिल्मोरा, पॉवरडायरेक्टर, केडेनलाइव्ह, शॉटकट, मोबाइलवर काइनमास्टर, व्हीएन आणि इनशॉट. यातलं घ्यायचं कोणतं? बहुतेक जण ओळखीच्या शूटिंगवाल्याला विचारतात आणि तो जे वापरतो तेच पेनड्राइव्हवर घेऊन येतात. माझ्या मते विचार उलट दिशेने व्हायला हवा. आपण काय चित्रित करतो, आपलं यंत्र किती दमाचं आहे आणि पडद्यावर कोणत्या लिपीत लिहायचं आहे, हे आधी पाहावं. सॉफ्टवेअरचं नाव शेवटी यावं.

आपल्याकडे या कामाची परंपरा थेट दादासाहेब फाळक्यांपर्यंत जाते. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. त्याची कच्ची फिल्म छिद्रं न पाडलेली यायची. काळोखात बसून तिला कडेने छिद्रं पाडण्याचं आणि नंतर ती धुण्याचं काम सरस्वतीबाई फाळके करत. सारा संसार त्या कामात उतरला होता. पुढे १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली आणि १९६० मध्ये तिच्याच आवारात आजची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. शिरूर आणि दौंड दोन्ही तिथून फार तर दोन-अडीच तासांच्या अंतरावर.

त्या काळचं संकलन हे हातांचं काम होतं. ३५ मिलिमीटरची बोलपटाची फिल्म मिनिटाला नव्वद फूट धावते, हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. आज गावच्या सप्ताहात आपण सहज रेकॉर्ड करतो ते दोन तासांचं कीर्तन त्या फिल्मवर घ्यायचं म्हटलं, तर १०,८०० फूट म्हणजे सव्वातीन किलोमीटरहून लांब पट्टी लागली असती. ती कापायची, चिकटवायची, उरलेले तुकडे खुंट्यांवर टांगून ठेवायचे आणि हवा तो तुकडा पुन्हा शोधून काढायचा. मात्र फिल्मला एक मोठं सुख होतं. मधला तुकडा काढला, तरी पुढच्या-मागच्यांना धक्का लागत नसे.

व्हिडिओ कॅसेट आली आणि हे सुख गेलं. दोन व्हीसीआर जोडून एकावरून दुसऱ्यावर उतरवत जायचं. लग्नाची तासाभराची कॅसेट तयार झाल्यावर मधलं एखादं दृश्य वाढवायचं ठरलं, तर त्याच्या पुढचं सगळं पुन्हा उतरवावं लागे आणि प्रत्येक उतरवणीला चित्र आणखी पुसट होई. जिल्ह्यातल्या ज्या शूटिंगवाल्यांनी खांद्यावर व्हीएचएस कॅमेरा घेऊन आणि पॅनासॉनिकच्या मिक्सरची बटणं दाबून लग्नं उभी केली, त्यांनी हे सगळं सोसलेलं आहे. या कामाला लोक अजून 'मिक्सिंग' म्हणतात, ते त्याच दिवसांमुळे.

१९८९ मध्ये ॲव्हिडने संगणकावरचं संकलन बाजारात आणलं आणि फिल्मचं ते हरवलेलं सुख परत मिळालं. १९९१ मध्ये ॲडोबीचं प्रीमिअर आलं आणि १९९९ मध्ये ॲपलचं फायनल कट प्रो. या शेवटच्या दोन्हींच्या मुळाशी रँडी उबिलोस नावाचा एकच प्रोग्रॅमर होता. २०१९ मध्ये कान महोत्सवात सर्वोच्च मान मिळवणारा आणि पुढच्या वर्षी सर्वोत्तम चित्रपटाचं ऑस्कर जिंकणारा कोरियन 'पॅरासाइट' फायनल कट प्रो ७ वर संकलित झाला होता. ती आवृत्ती कंपनीने २०११ मध्येच बंद केली होती. संकलकाचा हात तिच्यावर बसलेला होता, म्हणून त्याने ती सोडली नाही. 'नवीन व्हर्जन आलंय, घ्यायलाच हवं' असं कुणी म्हणालं की मला हे उदाहरण आठवतं.

आता शिरूर आणि दौंड या आपल्या दोन तालुक्यांकडे येऊ. इथे चित्रित होणाऱ्या गोष्टींचे स्वभाव फार वेगळे आहेत.

शिरूर तालुक्याच्या गावोगावी यात्रेत बैलगाडा शर्यती होतात. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये राज्यात शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने त्यासाठीचा कायदा वैध ठरवला. तेव्हापासून घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीच्या, दोन्ही कडांना मोबाइल आणि कॅमेऱ्यांची रांगच लागते. एक बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, अकरा-बारा-तेरा सेकंदांत संपते. सेकंदाला २५ चित्रांच्या हिशोबाने बारा सेकंदांत फक्त ३०० चित्रं येतात. तीच बारी सेकंदाला १२० चित्रांनी घेतली, तर १,४४० चित्रं मिळतात आणि ती सेकंदाला ३० या गतीने दाखवली, की बारा सेकंदांची बारी ४८ सेकंदांवर पसरते. बैलांच्या खुरांखालची माती कशी उडते, घोडीवाला किती पुढे आहे, निशाणावर कोणाचा पाय आधी पडला, ते सारं डोळ्यांना दिसतं. या कामाला मोठं सॉफ्टवेअर लागत नाही. संथ गती नीट करता येणारं, पडद्यावर सेकंदांचा आकडा लावता येणारं आणि त्याच संध्याकाळी व्हिडिओ टाकू देणारं मोबाइलवरचं ॲपसुद्धा पुरतं. महत्त्वाचं एवढंच, की मुळात जास्त चित्रांनी शूट केलेलं असावं. २५ चित्रांचं फुटेज नंतर चौपट संथ केलं, तर तुटक दिसणारच. अलीकडची सॉफ्टवेअर मधली चित्रं अंदाजाने रचतात, पण धावत्या बैलांच्या पायांत तो अंदाज हमखास फसतो.

लग्नाचं काम याच्या अगदी उलट. साखरपुडा, हळद, सीमांतपूजन, मंगलाष्टकं, सप्तपदी, वरात. दोन-तीन कॅमेरे, वर ड्रोन, शिवाय मामाच्या मोबाइलमधल्या क्लिपा. शेकडो तुकडे, आणि प्रत्येकाचा प्रकार निराळा. आपल्याकडच्या मिक्सिंगवाल्यांमध्ये एडियस का रुजलं, त्याचं उत्तर इथे आहे. जपानच्या कॅनोपस कंपनीने ते घडवलं, २००५ मध्ये ती कंपनी ग्रास व्हॅलीकडे गेली. निरनिराळ्या प्रकारच्या क्लिपा आधी बदलून न घेता एकाच टाइमलाइनवर, म्हणजे संकलनाच्या पट्टीवर, टाकायच्या आणि मध्यम संगणकावरही ताबडतोब पाहायच्या, ही त्याची खरी ताकद. लग्नाच्या इफेक्ट्सचे तयार प्रोजेक्ट त्याच्यासाठी भरपूर मिळतात. ज्याच्या धंद्यात महिन्याला पाच-सहा लग्नं आहेत, त्याच्यासाठी ते आजही चांगलं हत्यार आहे. मात्र चार फुलं उडवणाऱ्या तयार प्रोजेक्टमुळे साऱ्या तालुक्यातली लग्नं एकसारखी दिसू लागलीत, हे मला मनापासून खटकतं. नवरीच्या आईचा चेहरा तीन सेकंद जास्त ठेवला, तर त्याला कोणताही इफेक्ट लागत नाही.

कीर्तनाचं आणि पालखीचं काम तिसऱ्याच जातीचं. संत तुकाराम महाराजांची पालखी दौंड तालुक्यातून जाते. यवत आणि वरवंड हे तिचे मुक्काम, आणि यवतचा पिठलं-भाकरीचा बेत वारकऱ्यांमध्ये प्रसिद्ध आहे. प्रभातने १९३६ मध्ये पुण्यात 'संत तुकाराम' केला आणि व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्याच तुकोबांच्या पालखीचा सोहळा आज यवतच्या रस्त्यावर शेकडो फोनांत साठतो. इथे कापाकापी थोडी असते, कस लागतो तो आवाजाचा. पखवाजाची थाप मोबाइलच्या माइकवर फुटते आणि मागे टाळकऱ्यांचा गजर गढूळ होतो. म्हणून चाणाक्ष मंडळी आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतात आणि नंतर जुळवतात. इथे एक न दिसणारा खड्डा आहे. बहुतेक मोबाइल सेकंदाला ठरावीक ३० चित्रं घेत नाहीत. उजेड कमी झाला किंवा फोन तापला, की गती किंचित बदलत राहते. काही सॉफ्टवेअर मात्र ती एकसारखी आहे असं धरून चालतात. मग पहिल्या अभंगाला जुळलेला आवाज तासाभराने महाराजांच्या ओठांच्या पुढे किंवा मागे पडतो. माणूस सॉफ्टवेअरला दोष देतो. उपाय सोपा आहे : हँडब्रेकसारख्या मोफत साधनाने क्लिप आधी स्थिर गतीची करून घ्यावी आणि मग टाइमलाइनवर आणावी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, हेही लक्षात असावं. कॅमेऱ्यावर २५ किंवा ५० चित्रांची गती आणि एक-पन्नासांश सेकंदाचा शटर ठेवला, तर मंडपातल्या दिव्यांची फडफड सहसा टळते.

आता यंत्राचा दम. यामागचं गणित मला या सगळ्या विषयातलं सर्वांत विलक्षण वाटतं. फुल एचडीच्या एका चित्रात २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट धरले, तर एक चित्र ६२ लाख बाइटांचं होतं. सेकंदाला ३० चित्रं धरली, तर तासाला सुमारे ६७० जीबी. प्रत्यक्षात आपला फोन तासाभराचं तेच चित्रण सात-आठ जीबीत बसवतो. ऐंशी-नव्वदपट जागा वाचते ती कशी?

२००३ मध्ये ठरलेल्या एच.२६४ आणि २०१३ च्या एच.२६५ या पद्धती प्रत्येक चित्र पूर्ण साठवतच नाहीत. मधूनमधून एक चित्र पूर्ण ठेवतात आणि बाकीच्यांत फक्त काय बदललं तेवढंच लिहितात. सातबारा एकदा लिहावा आणि नंतर फक्त फेरफार नोंदवत जावेत, तसं. पाहताना त्याचा काही त्रास नाही, कारण चित्रं ओळीने येतात. पण संकलक एकदम मधल्याच कुठल्या तरी चित्रावर बोट ठेवतो. तेव्हा संगणकाला मागच्या पूर्ण चित्रापर्यंत जाऊन तिथपासूनचे सगळे बदल जोडत पुढे यावं लागतं. टाइमलाइन मागे-पुढे ओढली की लॅपटॉप धापा टाकतो, तो यामुळे. छोट्या फाइलीचे पैसे नंतर प्रोसेसर मोजत असतो.

यावरचा तोडगा जवळजवळ प्रत्येक चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये असतो आणि तरीही फार थोडे जण वापरतात. त्याचं नाव प्रॉक्सी. सॉफ्टवेअर मूळ क्लिपांच्या हलक्या प्रती बनवतं, कापाकापी त्या प्रतींवर होते आणि अखेरीस रेंडर करताना, म्हणजे अंतिम व्हिडिओ तयार करताना, मूळ क्लिपा आपोआप परत येतात. आठ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवरही केडेनलाइव्ह आणि शॉटकट अशा पद्धतीने चांगलं काम देतात. विंडोजवर रिझॉल्व्हला मात्र सोळा जीबी रॅम हवी, वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर उत्तम, आणि त्यातल्या फ्यूजन विभागात काम करायचं तर ३२ जीबी. लिनक्सवर रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती मोबाइलच्या एच.२६४ क्लिपा उघडतच नाही, ही गोष्ट डाउनलोड करण्याआधी माहीत असलेली बरी. नवीन सॉफ्टवेअरला पैसे घालण्याआधी एक चांगली एसएसडी आणि यूपीएस घ्यावा, असं मी कुणालाही सांगेन. रेंडर नव्वद टक्क्यांवर असताना लाइट गेली, तर रात्र वाया जाते.

साठवणीचा हिशोबही आधीच मांडावा. सेकंदाला १०० मेगाबिटने घेतलेलं फोर-के फुटेज तासाला ४५ जीबी होतं. दोन कॅमेरे सहा तास चालले, की ५४० जीबी. एका लग्नाला अर्धा टेराबाइट. आणि ते फुटेज एकाच डिस्कवर ठेवून चालत नाही, कारण लग्न पुन्हा लावता येत नाही. दोन डिस्क हव्यात, त्यातली एक दुसऱ्या घरात.

यानंतरची गोष्ट मराठी माणसासाठी सर्वांत महत्त्वाची आहे. इंग्रजीतल्या तुलना-लेखांत ती सहसा सापडत नाही. पडद्यावर मराठी अक्षरं बरोबर उमटतात का? देवनागरीत पहिली वेलांटी टाइप होते अक्षरानंतर, पण दिसते अक्षराआधी. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. जोडाक्षरांचे आकार बदलतात. ही मांडणी करण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये वेगळी यंत्रणा असावी लागते, आणि अनेक नामवंत सॉफ्टवेअरमध्ये ती वर्षानुवर्षं नव्हती किंवा अर्धवट होती. म्हणूनच आपल्या लोकांनी श्रीलिपी आणि कृतिदेवसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टांवर काम भागवलं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीने या काळात मराठी छपाईला आणि व्हिडिओला दिलेला आधार फार मोठा आहे. पण त्या फॉन्टांत लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर गिचमिड दिसतो आणि यूट्यूबच्या सबटायटलला तो चालत नाही. आज लिहायचं ते युनिकोडमध्येच.

प्रीमिअर प्रोमध्ये यासाठी प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्स विभागात जाऊन टेक्स्ट इंजिन 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' करावं लागतं. ती एक खूण न बदलल्यामुळे मोडलेली वेलांटी घेऊन कितीतरी नावं एलईडी पडद्यावर झळकली आहेत. केडेनलाइव्हच्या टायटलमध्ये देवनागरी मुळातच नीट जुळते. रिझॉल्व्हमध्ये साधं टायटल आणि 'टेक्स्ट प्लस' ही दोन वेगळी साधनं आहेत आणि दोन्ही देवनागरीला सारखं वागवत नाहीत, म्हणून आपल्या आवृत्तीत दोन्ही तपासावीत. परीक्षेसाठी मी एक ओळ सुचवतो : 'चि. सौ. कां., वऱ्हाडी मंडळी, कीर्ती, हृदय, क्षत्रिय, ज्ञानेश्वरी, श्री क्षेत्र रांजणगाव'. ही ओळ निर्दोष उमटली, तर बाकीचं मराठी उमटेल. 'वऱ्हाड'मधला ऱ्ह सर्वांत आधी मोडतो. फॉन्टसाठी मुक्त, बलू आणि तिरो देवनागरी मराठी हे मुक्त परवान्याचे आहेत, धंद्यातही वापरता येतात. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी ल आणि श यांचे आकार ठरवून दिले आहेत. तिरोमध्ये ते वळण पाळलेलं आहे. लग्नपत्रिकेवर जे वळण असतं, ते व्हिडिओतही असावं.

किमतीबद्दल थोडक्यात. ॲडोबीने २०१३ पासून नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर द्यायला सुरुवात केली. हंगाम संपला, लग्नं थांबली, तरी हप्ता चालूच. रिझॉल्व्ह स्टुडिओची किंमत २९५ डॉलर, एकदाच, पण घरच्या कामाला मोफत आवृत्तीही पुरून उरते, कारण ती फोर-के पर्यंत वॉटरमार्कशिवाय रेंडर देते. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर वापरू नये. कायद्याचा प्रश्न आहेच, पण त्याबरोबर आलेल्या व्हायरसने एखाद्या गरीब घरच्या लग्नाचं एकुलतं एक फुटेज कुलूपबंद केलं, तर ते पाप कोण फेडणार? मोफत आणि प्रामाणिक पर्याय इतके चांगले असताना आता त्याला सबबही उरलेली नाही.

ॲपवर सगळी भिस्त ठेवणाऱ्यांनी २९ जून २०२० आठवावा. त्या दिवशी केंद्र सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली. त्यात टिकटॉक होतं तसं व्हिवाव्हिडिओही होतं. अर्धवट राहिलेले कितीतरी प्रोजेक्ट तिथेच अडकले. विंडोज मूव्ही मेकरही जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने बंद केलं. साधन जाऊ शकतं, म्हणून मूळ क्लिपा आणि तयार व्हिडिओ कायम आपल्याजवळ वेगळे ठेवावेत. गाण्यांचंही सांगायला हवं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये लग्नाच्या वरातीत गाणी वाजवायला मुभा आहे, पण तेच गाणं व्हिडिओला लावून यूट्यूबवर टाकण्याला ती लागू होत नाही.

माझा कौल असा. घरचे वाढदिवस, सहली, आजीच्या आठवणी यासाठी जुन्या संगणकावर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह घ्या. संगणक दमदार असेल आणि हे काम पुढे व्यवसाय म्हणून करायचं मनात असेल, तर पहिल्या दिवसापासून रिझॉल्व्ह शिका. आधीच एडियसवर हात बसलेला असेल आणि घर त्यावर चालत असेल, तर ते सोडू नका, फक्त जोडीला रंगाचं काम रिझॉल्व्हवर करायला लागा. प्रीमिअर त्यांनी घ्यावं, ज्यांना पुण्या-मुंबईच्या संस्थांबरोबर फाइलींची देवाणघेवाण करायची आहे. मॅक असेल तर फायनल कट प्रो, त्यात फार विचार करण्यासारखं काही नाही. शर्यतीच्या रील्सना मोबाइल पुरे.

पैसे देण्याआधी मात्र एवढं करा. दोन मोफत सॉफ्टवेअर उतरवून घ्या, आपल्याच मोबाइलमधल्या दहा मिनिटांच्या क्लिपा दोन्हींत टाका, आवाज शेवटपर्यंत जुळतो का ते पाहा, वर दिलेली मराठी ओळ टायटलमध्ये लिहा आणि रेंडर करून घरच्या टीव्हीवर लावा. ज्यात ही चारही कामं सुरळीत होतील, ते घ्या.